देवनागरीतली हिब्रू : एका वहीचं प्रकरण

नोव्हेंबर २०२२मध्ये अलिबागला माझ्या घरी एक आजी आणि त्यांची नात आल्या. दोघी इस्रायलमधल्या दिमोनाहून आलेल्या. आजी ८२ वर्षांच्या, अंगावर फिकट नऊवार नव्हे पण सुती पाचवारी, पायात स्पोर्ट्सचे बूट. नात २७ वर्षांची, एका रुग्णालयात परिचारिका, लांब बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंत स्कर्ट. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एक जाड वही होती. वही आजोबांची. आजोबा २०१९मध्ये वारले. वहीतलं एक अक्षरही नातीला वाचता येत नव्हतं, आणि आजींच्या डोळ्यांना ती आता दिसत नव्हती.

मी निवृत्त मराठी शिक्षिका. जुनी हस्ताक्षरं लावायची सवय आहे, म्हणून ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी वाचायचं, नात फोनवर रेकॉर्ड करणार, एवढंच काम ठरलं होतं. दोन दुपारी पुरतील असं मला वाटलं होतं. त्याला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत जे घडलं आणि त्यानंतर जे कळत गेलं, ते दोघींच्या परवानगीने इथे मांडते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आधी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय वहीतलं काहीच उलगडत नाही.

कोकणातले बेने इस्राएल

हे कुटुंब बेने इस्राएल समाजाचं. त्यांच्या परंपरेनुसार सुमारे २,००० वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचे वंशज म्हणजे हा समाज. बुडालेल्यांना जिथे पुरलं असं मानतात, ती नवगावची जागा आजही दाखवतात आणि तिथे स्मारक उभं आहे. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. पुढच्या पिढ्यांपाशी थोडंच उरलं : मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, काही उपास, आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना. जन्म असो, लग्न असो की मयत, प्रत्येक वेळी तीच म्हणायची. पुढे दाविद राहबी नावाच्या ज्यू गृहस्थाने त्यांना ओळखलं आणि धर्माचे बाकीचे नियम शिकवले, असं समाज मानतो.

घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. भाषा मराठी. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ते मशीद म्हणत. मुंबईतली त्यांची पहिली मशीद १७९६मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधली. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ या मशिदीची आजची इमारत १९१० सालची आहे.

१९४८मध्ये इस्रायलची स्थापना झाली तेव्हा भारतात हा समाज सुमारे २०,००० होता. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. अश्दोद, लोद, रामला, बेरशेवा, दिमोना अशा गावांत त्यांची वस्ती झाली. दिमोना तर १९५५मध्ये वाळवंटात नव्याने वसवलेलं गाव. आमच्या प्रकरणातली आजी आणि आजोबा १९६३मध्ये तिथे पोचले. आजोबा मुंबईत रेल्वेत कारकून होते. तिकडे त्यांनी कापडगिरणीत पाळ्या केल्या.

‘शनवार तेली’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्यात आपुलकीच आहे असं धरून चालले होते. पहिल्याच दिवशी तो माझ्या तोंडून गेला. आजी शांतपणे म्हणाल्या, “बाई, शाळेत पोरं मला तो शब्द दगडासारखा मारायची.” मी माफी मागितली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण शेजाऱ्याची आठवण आणि ज्याच्याबद्दल ती आठवण आहे त्याची आठवण एकच असते, असं आपण फार सहज समजतो.

नातीची श्रद्धा आणि आजीचा मलिदा

नात स्वतः सश्रद्ध आहे. सरकारी-धार्मिक शाळेत शिकली. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळते, कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे धर्मनियम, पाळते, प्रत्येक घासाआधी योग्य तो आशीर्वाद म्हणते. आईवडील मात्र बेताचे धार्मिक. म्हणून आपला धर्म आपल्याला शाळेने दिला, घराने नव्हे, असं ती समजत होती. घराने दिली ती वालाची उसळ, सोलकढी आणि ‘आजी’ हा शब्द. शाळेत बाकीची मुलं आजीला ‘सावता’ म्हणत आणि हिच्या ‘आजी’ला हसत. तरी तिने शब्द सोडला नाही. तो एकच मराठी शब्द हट्टाने धरून ठेवला होता, असं तीच म्हणाली.

पण दहा वर्षांची असताना एक गोष्ट घडली आणि ती तिला अजून टोचते. घरात कुणाच्या तरी नोकरीनिमित्त मलिदा होता. मलिदा म्हणजे बेने इस्राएलांचा एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्टा एलियाह याला स्मरून केलेला विधी. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, काजू-बदाम, वर फळं रचलेली, जवळ एखादं सुवासिक फूल किंवा सब्जाची डहाळी. लग्न, बारसं, नवस फेडणं, नवं घर, या सगळ्याला मलिदा हवाच. जगातल्या इतर ज्यूंमध्ये या रूपात तो कुठेच नाही. तर शाळेतल्या एका शिक्षिकेने त्याच आठवड्यात सांगितलं होतं की देवाशिवाय कुणापुढेही ताट मांडणं ही मूर्तिपूजा. मुलगी घरी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मी हे खाणार नाही. हे ज्यू नाही.”

आजी काही बोलल्या नाहीत. ताट उचललं आणि आत नेलं. त्यानंतर नात घरी असताना मलिदा झाला नाही. होत होता, पण ती शाळेत गेल्यावर. हे तिला मोठेपणी, आजोबा गेल्यावर कळलं.

“आजीने मला ओरडायला हवं होतं,” ती मला म्हणाली. “ती गप्प का बसली?”

या प्रकरणातला खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं. परदेशी गेलेल्या आजीआजोबांनी नातवंडांना काय दिलं, हे आपण नेहमी विचारतो : पदार्थ, गाणी, सण, म्हणी. त्यांनी काय लपवलं आणि का, हे कुणी फारसं विचारत नाही. या मुलीच्या श्रद्धेला आकार दिला तो जितका सांगितलेल्या गोष्टींनी, तितकाच लपवलेल्या गोष्टींनी. वहीमुळे ते बाहेर आलं.

तिघींना मिळून वाचता आलेली वही

वही उघडली तेव्हा पहिल्या पानावरच मी अडखळले. लिपी देवनागरी, अक्षर वळणदार, बोरूच्या सवयीचा हात असावा तसं. पण भाषा मराठी नव्हती. मी अक्षरं जुळवत वाचलं : “शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.”

समोर बसलेल्या नातीने मान झटकन वर केली. मग हात पुढे करून मला थांबवलं. तिने इंग्रजीत समजावलं की ‘अदोनाय’ हे देवाचं नाव प्रार्थनेबाहेर उच्चारायचं नसतं, सरावासाठी वाचताना ‘हाशेम’ म्हणतात. मी तसं करायला तयार होते. आजी मध्येच म्हणाल्या, “देवाचंच नाव घेत्येय ना ती? घेऊ दे.” आणि डोळे मिटून पुढची ओळ त्यांनीच चालीत म्हटली.

तेव्हा लक्षात आलं की ही अख्खी वही म्हणजे हिब्रू प्रार्थना, देवनागरीत उतरवलेल्या. यात नवल नाही. या समाजाला हिब्रू पुन्हा शिकावी लागली ती मराठीच्या वाटेने. १८३२मध्ये मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. कोचीनचे ज्यू शिक्षक कोकणात आले. १८७४मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापला गेला, हिब्रू आणि सोबत मराठी भाषांतर, आणि त्यातल्या चित्रांत वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. ज्यांना हिब्रू लिपी येत नव्हती, ते प्रार्थना देवनागरीत लिहून घेत आणि पाठ करत.

आता आमच्या खोलीतली स्थिती पाहा. अक्षरं मला येत होती, पण शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. नात हिब्रूत वाढलेली. अर्थ तिला ऐकताक्षणी कळत होता, पण अक्षरं म्हणजे तिच्या लेखी नुसत्या दोरीवर टांगलेल्या खुणा. आजींना ना हिब्रू लिपी धड येत होती ना आता देवनागरी दिसत होती, पण चाल आणि कुठे थांबायचं ते फक्त त्यांच्यापाशी होतं. मी एक ओळ वाचायची, नातीने चमकून अर्थ सांगायचा, आजींनी ती चालीत म्हणायची. असं पान पान पुढे गेलं. तिघींपैकी एक जरी नसती तरी वही मुकीच राहिली असती.

तिसऱ्या दिवशी मलिद्याचं पान आलं.

वर मराठीत मथळा : ‘मलिद्याची तयारी’. खाली पोह्यांचं माप, नारळ किती, साखर किती. त्याखाली दोन रकाने. डावीकडे फळाचं नाव, उजवीकडे हिब्रू शब्द. मी वाचू लागले. “खजूर — बोरे पेरी आएत्स.” नातीने पेन खाली ठेवलं. “केळं — बोरे पेरी आअदामा.” ती म्हणाली, “परत वाचा.” मी परत वाचलं. तिसरी ओळ फुलाची होती : “सब्जा — बोरे मिने बेसामीम.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मला समजेल असं सांगू लागली. झाडाच्या फळासाठी एक आशीर्वाद असतो : झाडाचं फळ निर्माण करणारा तो. जमिनीतून येणाऱ्या फळासाठी दुसरा. सुवासासाठी तिसरा. ती हे रोज म्हणते. आणि केळं दिसायला झाडाचं असलं तरी धर्मशास्त्राच्या हिशेबात ते झाड नाही, म्हणून त्याला जमिनीचा आशीर्वाद लागतो. शाळेत हा प्रश्न परीक्षेत विचारायचे आणि निम्मी मुलं चुकायची. “माझ्या पणजोबांना हे माहीत होतं,” ती म्हणाली. “खेड्यात. तेलाच्या घाण्यावर बसून.”

वहीचा हा भाग पणजोबांच्या हातचा, साधारण १९३०च्या दशकातला. त्यावर तेलाचे डाग आहेत, खरंच आहेत. पानाचा खालचा कोपरा बोटांनी इतका हाताळला गेला आहे की कागद कापडासारखा मऊ झालाय.

म्हणजे दहाव्या वर्षी तिने जे ‘ज्यू नाही’ म्हणून नाकारलं, त्यात ताटासमोर म्हटलं जात होतं ते शब्दशः तेच, जे ती शाळेत शिकली होती. एलियाह्‌चं स्मरण होतं, गीत होतं. पण आभार मानले जात होते ते फक्त देवाचे. फळ निर्माण करणाऱ्याचे. आजींनी ते तेव्हा का सांगितलं नाही?

आजींनी उत्तर दिलं, पण त्या दिवशी नाही. दोन दिवसांनी, आणि भलत्याच गोष्टीवरून.

भावाचं मोडलेलं लग्न

आजींना एक धाकटा भाऊ होता. तो त्यांच्या आधी, १९६१मध्ये इस्रायलला गेला. तिथे इराकहून आलेल्या एका ज्यू कुटुंबातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धार्मिक अधिकाऱ्यांमार्फतच होतात, नागरी विवाहाची सोय तिथे नाही. आणि नेमक्या त्याच काळात, फेब्रुवारी १९६२मध्ये, मुख्य रब्बीनेटने, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) सर्वोच्च संस्थेने, विवाह नोंदणी करणाऱ्यांना बेने इस्राएलांबद्दल वेगळे नियम घालून दिले होते. बेने इस्राएल व्यक्तीला समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर तिची आई, आजी, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन बघायचं : कुणी परधर्मीयाशी लग्न केलं होतं का, कुणाचा घटस्फोट धर्माच्या नियमाविरुद्ध झाला होता का. शंका आली तर प्रकरण धार्मिक न्यायालयाकडे.

कोकणातल्या खेड्यातल्या आजीच्या आईचा कागद कुठून आणायचा? लग्नाचा करार, कतुबा, लाकडी पेटीत होता. पेटीला वाळवी लागली होती. भावाने अलिबागला पत्रं लिहिली, दोन म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांनिशी दाखला मागवला. स्थानिक नोंदणी करणाऱ्याचं समाधान झालं नाही. सहा महिने, मग वर्ष. मुलीकडच्यांनी थांबायचं नाकारलं. आजी १९६३मध्ये दिमोनाला पोचल्या तेव्हा भाऊ त्यांना घ्यायला आला होता, आणि पहिलं वाक्य म्हणाला ते हे : “अक्का, इथे आपण ज्यू आहोत का, हे आपल्याला दाखवावं लागतं.”

पुढचं सार्वजनिक इतिहासात आहे. बेने इस्राएलांनी मोर्चे काढले, १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने त्यांची बाजू घेतली आणि ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं ठरावात नोंदवलं. त्यानंतर रब्बीनेटने नियमातून समाजाचं नाव काढलं. लढाई जिंकली गेली. पण त्या मुलीचं तोवर दुसरीकडे लग्न झालं होतं. भावाने पुढे समाजातच लग्न केलं, चार मुलं झाली, आणि तो विषय त्याने मरेपर्यंत काढला नाही.

आजी म्हणाल्या, “तेव्हापासून मी ठरवलं. दुसऱ्यांना शंका येईल असं घरात काही दिसता कामा नये. मंगळसूत्र काढून ठेवलं. हिरव्या बांगड्या काढल्या. मलिदा दार लावून करायचा. पोरांशी हिब्रू बोलायची, येत नव्हती तरी.” मग नातीकडे वळून, “तू म्हणालीस ना, हे ज्यू नाही. मला वाटलं, बरं झालं. ही त्यांच्यासारखी झाली. हिला कुणी विचारणार नाही.”

नात रडत नव्हती. ती परिचारिका आहे, माणसं बोलत असताना कसं बसायचं ते तिला येतं. पण त्या रात्री तिने मला मेसेज पाठवला. मेसेज इंग्रजीत होता. त्याचा आशय असा : मला वाटायचं माझा काटेकोरपणा माझा स्वतःचा आहे. आता वाटतं तो आजीच्या भीतीतून आलाय. माझ्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून मी सगळं बिनचूक करत आले, आणि मला ठाऊकही नव्हतं कुणाच्या बोटाला घाबरते आहे.

यावर माझं मत सांगते. ती स्वतःला थोडी जास्त दोष देत होती. भीतीतून आलेली श्रद्धा खोटी असते असं नाही. आजीने मलिदा लपवला तोही श्रद्धा वाचवण्यासाठीच. पण मधल्या पिढीचं, म्हणजे नातीच्या वडिलांचं, यात फार नुकसान झालं. त्यांना घरातलं दार बंद दिसलं आणि शाळेतलं दार अनोळखी. त्यांनी दोन्हींकडे पाठ फिरवली. वहीबद्दल लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “छान,” आणि हवामानाबद्दल बोलू लागले. अशा कुटुंबांत आजी आणि नात यांच्यात जे जुळतं ते पाहून सगळ्यांना बरं वाटतं. मधला माणूस मात्र कुणाला आठवत नाही.

‘पंगत वेगळी’

वहीच्या शेवटी हिशेब होते. १९३८च्या एका लग्नाचा खर्च : मेहंदीचं सामान, वरातीचे दिवे, आमंत्रितांची यादी. शुक्रवारी सकाळी मी ती यादी वाचत होते. दोन घरांच्या नावांपुढे लिहिलं होतं : ‘पंगत वेगळी’. मी वाचलं आणि नातीने सहज अर्थ विचारला. मी सांगितला. तिने आजीकडे पाहिलं. आजींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “आज पुरे. शब्बाथची तयारी करायची आहे.”

शनिवारी दुपारी मी भेटायला गेले. त्यांच्या खोलीत फोन बंद, वही कपाटात, पेन नाही, दिवा आदल्या दिवशीपासूनचा तसाच. आजी त्या दिवशी बोलल्या. त्यामुळे या सगळ्या नऊ दिवसांतलं सर्वांत अवघड बोलणं कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. ते तिघींच्या आठवणीत आहे तेवढंच.

बेने इस्राएलांमध्ये गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. परजातीच्या स्त्रीपासून झालेल्या संततीला आणि तिच्या वंशजांना काळे म्हणत. त्यांच्याशी रोटी नाही, बेटी नाही. आजूबाजूच्या गावांत जातीची जी उतरंड होती, तीच यांच्याही घरात शिरली होती. आजी लहान असेपर्यंत ते सैल पडत चाललं होतं, पण संपलं नव्हतं. “मी वाढायला असायची,” त्या म्हणाल्या. “ओटीवर आमचे लोक. मागच्या अंगणात ते. त्यांच्यात माझ्या वर्गातली एक मुलगी होती. मी तिला वाढलं आणि तिच्याशी बोलले नाही. आईने सांगितलं होतं बोलू नकोस.”

थोड्या वेळाने त्यांनीच वाक्य पुरं केलं. “भावाला ते विचारत होते ना, तुझ्या आजीची आई कोण? आम्हीही तेच विचारत होतो.”

नातीने विचारलं, “ती मुलगी कुठे गेली?” आजींना माहीत नव्हतं. नाव आठवत होतं. ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही.

वारसा म्हटलं की आपण त्याला तुपातला प्रसाद करून टाकतो. या मुलीला वारशात केळ्याचा आशीर्वाद मिळाला आणि ही मागच्या अंगणातली पंगतही मिळाली, एकाच वहीत, एकाच माणसाच्या वळणदार अक्षरात. ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली की यादीचं ते पान फाडून टाकावं असं तिला एक क्षण वाटलं, आणि मग वाटलं की मग केळ्याचं पानही तिला ठेवता येणार नाही.

२०१६मध्ये या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्हींचा अंश आढळला. नातीला तो ठाऊक होता. घरातल्या लोकांनी त्यातला पहिला अर्धा भाग चौकटीत लावावा तसा सांगितला होता, दुसऱ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. म्हणजे मिसळण होतीच, सगळ्यांच्यात. गोऱ्यांच्यातही.

खंडाळ्याचा कातळ

सोमवारी आम्ही अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेलो. तिथल्या कातळावर एलियाह्‌च्या रथाचा आणि घोड्याच्या टापांचा ठसा आहे अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. इस्रायलमधून येणारी कुटुंबं आवर्जून तिथे जातात. आजी खाली बसल्या, हात फिरवला, पुटपुटल्या. नात दहा पावलं मागे उभी राहिली. पुढे ये म्हणून आजींनी बोलावलं नाही, आणि ती गेली नाही. परत येताना रिक्षात ती म्हणाली, “हे मला अजून जमत नाही.” आजी म्हणाल्या, “नको जमू दे.” दोघींच्या आवाजात राग नव्हता. आदल्या आठवड्यात हेच वाक्य निघालं असतं तर आजींनी ते बहुधा पुन्हा गिळलं असतं.

मला हा प्रसंग मलिद्याच्या पानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. नात मुळांकडे परतली, सगळं स्वीकारलं, असं काही झालेलं नाही. ती मुळं शोधायला आलीही नव्हती. आजोबांच्या पुढच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या वहीतली हश्काबा, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, त्यांच्याच चालीत म्हणावी एवढीच तिची इच्छा होती. ती पुरी झाली. बाकीचं जे आलं ते वाटेत आलं.

नंतर

जून २०२३मध्ये तिचं लग्न झालं. नवरामुलगा मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातला. त्यांच्याकडेही लग्नाआधी हाताला मेहंदी असते, त्यामुळे तो एक कार्यक्रम दोन्ही आज्यांनी मिळून केला आणि कुणाची मेहंदी गडद यावरून गोड भांडल्या. नोंदणीच्या वेळी आईवडिलांचा कतुबा मागितला, तो दिला, दहा मिनिटांत काम झालं. आजी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांनी सोबत पिशवीत वही आणली होती, लागलीच तर म्हणून.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मलिदा झाला, दार उघडं ठेवून. नातीने आपल्या ओळखीच्या एका रब्बींना आधी विचारून घेतलं. आशीर्वाद योग्य आहेत, मग हरकत काय, असं ते म्हणाले. वडील आले, खाल्लं, लवकर निघून गेले. आजींनी हिरव्या बांगड्या घातल्या नाहीत. नातीने आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “आता सवय गेली.”

लग्नानंतर ती माझ्याकडे आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर देवनागरी शिकते. बाराखडी झाली, जोडाक्षरं चालू आहेत. ‘ऱ्ह’ला ती अजून घाबरते. आजींना कॉलवर बसायला आवडतं. त्या नातीशी मराठीत बोलतात, ती हिब्रूत उत्तर देते, आणि मला दोन्हींतलं थोडं थोडं कळतं.

गेल्या महिन्यात तिने वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानाचा फोटो पाठवला. स्वतःच्या हाताने पेन्सिलीने तिने मलिद्याचे तीन आशीर्वाद उतरवले होते, तपासून द्या म्हणून. एक वेलांटी चुकली होती, ती मी दाखवली. दुसऱ्या ठिकाणी तिने ‘आएत्स’ लिहिलं होतं. शाळेत शिकवतात तसा शब्द ‘हाएत्स’ आहे हे तिनेच मला पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. मी विचारलं, इथे ‘ह’ राहिला का?

“नाही बाई,” तिने देवनागरीत उत्तर पाठवलं, “ते तसच.” ‘च’च्या आधीचा अनुस्वार राहून गेला होता. तो मी सुधारला नाही.